पाचटातली घोणस, दगडावरची घोणस

रानातल्या सापाचा फोटो दोन रीतींनी निघतो. पहिल्या रीतीत साप जिथे दिसला तिथे आणि जसा होता तसा टिपला जातो. फोटो काढणारा येतो, थांबतो, निघून जातो. साप तिथेच राहतो किंवा आपल्या वाटेने जातो. दुसऱ्या रीतीत साप आधी पकडला जातो. आकडीने उचलून त्याला पिशवीत किंवा बरणीत भरतात, रात्रभर ठेवतात आणि कोवळा उजेड मिळावा म्हणून सकाळी बाहेर काढतात. मग शेवाळलेला दगड, वाळका ओंडका किंवा हिरवी फांदी पाहून त्यावर त्याला ठेवतात. तो पळू लागला की आकडीने मागे ओढतात. वेटोळे करून बसावा म्हणून त्याच्यावर टोपी पालथी घालतात. नागाने फणा काढावा म्हणून समोर हात किंवा फडके हलवतात. साप सुस्त व्हावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवण्यापर्यंतही काहींची मजल जाते. फोटो तयार झाल्यावर मात्र दोन्ही रीतींत खाली एकच ओळ येते: सापाचे नाव आणि ‘नैसर्गिक अधिवासात’.

दुसऱ्या रीतीच्या बाजूने साधारण चार मुद्दे मांडले जातात. पहिला, साप शेवटी सुखरूप सोडला जातो, त्यामुळे नुकसान कोणाचेच होत नाही. दुसरा, हाताळल्याशिवाय सापाची ओळख पटेल असा फोटो मिळत नाही, म्हणून अभ्यासासाठी ही रीत आवश्यक आहे. तिसरा, असे देखणे फोटो पाहूनच लोकांची भीती जाते आणि साप मारणे थांबते. चौथा, साप कोणाच्या तरी घरातून किंवा शेतातून वाचवलेलाच असतो. सोडण्याआधी त्याचा फोटो घेतला तर बिघडले कुठे? हे मुद्दे मांडणाऱ्यांत बहुतेक सर्पमित्र आणि निसर्गप्रेमी आहेत, सापांचे वैरी नाहीत. काठीखाली गेले असते असे हजारो साप त्यांच्यामुळे वाचले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण माणूस भला असला म्हणून त्याचा युक्तिवाद खरा ठरत नाही. या चारही मुद्द्यांची परीक्षा पुस्तकात घेण्यापेक्षा साप आणि माणूस रोज समोरासमोर येतात अशा एखाद्या पट्ट्यात घेतलेली बरी.

कडोदऱ्याचा पट्टा

कडोदरा सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यात आहे. सुरत–बारडोली रस्ता मुंबई–अहमदाबाद महामार्गाला जिथे छेदतो तो चौक म्हणजे कडोदरा चार रस्ता. एका अंगाला कापडाच्या गिरण्या आणि प्रोसेस हाउस, तर दुसऱ्या अंगाला ऊस. तापीवरचा काकरापार बंधारा आणि त्याच्या वर १९७२ मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी हा भाग बारमाही भिजवला. त्याच पाण्याच्या आधाराने बारडोली, चलथाण या भागांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस आला तसे उंदीर आले, उंदरांमागून साप आले. दाट पाल्याची सावली, बांधांवरची बिळे, कालव्याची ओल आणि हवे तेवढे भक्ष्य असल्यावर नाग, घोणस, मण्यार, धामण आणि दिवड यांना आणखी काही लागत नाही.

ऊस तोडायला दिवाळीनंतर डांग, नंदुरबार आणि धुळ्याकडची कुटुंबे येतात. दक्षिण गुजरातेत अशा नवरा-बायकोच्या मजूर जोडीला ‘कोयता’ असेच म्हणतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकापासून बारडोली भागातल्या याच मजुरांवर विस्ताराने लिहिले आहे. शेताच्या कडेला पाल ठोकून ही कुटुंबे राहतात, जमिनीवर झोपतात, पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. सुरतच्या लिंबायत, उधना या भागांत स्थिरावलेला खानदेशी कामगार आणि कडोदऱ्याच्या फडातला खानदेशी ऊसतोड्या एकाच मुलखाचे आहेत. पण सापाशी गाठ पडण्याची शक्यता दुसऱ्याची कितीतरी जास्त.

ही गाठ किती महाग पडते याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून येतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतले सुमारे ७० टक्के मृत्यू आठ राज्यांच्या सखल ग्रामीण भागांत झाले आणि त्या आठांत गुजरात आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांतले. सापाच्या फोटोने प्रबोधन होते असे म्हणणाऱ्यांना आपला प्रेक्षक नेमका कोण हे या आकड्यांवरून ठरवावे लागते. फडातला कोयता साप ओळखू शकला तर फोटोने काम केले. तो ओळखू शकला नाही, तर फोटो भिंतीवर कितीही शोभला तरी प्रबोधनाचा दावा सोडून द्यावा लागेल.

‘सुखरूप सोडला’

पहिल्या मुद्द्यात ‘सुखरूप’ हा शब्द कसा ठरतो ते पाहिले पाहिजे. साप पिशवीतून बाहेर पडला आणि सरपटत गवतात शिरला, एवढ्यावर तो सुखरूप ठरवला जातो. त्यापुढे त्याचे काय झाले हे कोणी पाहत नाही, कारण पाहता येतच नाही. साप ओरडत नाही, लंगडत नाही, चेहऱ्यावर वेदना दाखवत नाही. साप पकडण्याच्या चिमट्याच्या दाबाने बरगडी किंवा मणका दुखावलेला साप पहिल्या काही मिनिटांत सशक्त सापासारखाच पळतो. अंगावर जखम दिसत नाही, म्हणून इजा झाली नाही असे धरणे म्हणजे न केलेल्या तपासणीचा दाखला देणे होय.

सापाच्या शरीराची रीत ध्यानात घेतली तर नुकसान कुठे होते ते कळते. साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून तापमान राखत नाही. ऊन, सावली, बीळ यांत जागा बदलून तो ते सांभाळतो. बरणीत, पिशवीत किंवा सिमेंटच्या अंगणात त्याचा हा एकमेव उपाय काढून घेतला जातो. उन्हाळ्यात तापलेल्या जागी ठेवलेला साप थोड्या वेळात मरू शकतो. फ्रिजमध्ये थंड केलेला साप शांत झालेला नसतो, त्याला हालचाल करता येत नसते. नुकताच उंदीर गिळलेल्या सापाला उचलले की तो भक्ष्य ओकून टाकतो; कित्येक दिवसांचे अन्न आणि ते मिळवण्याचे श्रम एका फोटोपायी वाया जातात. अंडी किंवा पिले पोटात असलेल्या मादीला तर हाताळणे आणखी जड जाते. घोणस पिलांना जन्म देते, तीही एका वेळी कित्येक. म्हणून सुस्त, जाड, ‘फोटोला बरी’ दिसणारी घोणस बऱ्याचदा गाभणी असते.

सोडण्याच्या जागेचा प्रश्न वेगळाच. फोटो चांगला यावा म्हणून साप गावाबाहेरच्या झाडीत नेला जातो आणि तिथेच सोडला जातो. त्या झाडीतली बिळे, पाणवठे, लपण्याच्या जागा त्याला ठाऊक नसतात. अमेरिकेत टिंबर रॅटलस्नेक या सापांच्या अंगात रेडिओ यंत्रे बसवून केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरीकडून आणून सोडलेल्या सापांपैकी निम्म्याहून अधिक मेले किंवा नाहीसे झाले, तर त्याच रानात आधीपासून राहणाऱ्या सापांत हे प्रमाण सुमारे एक नवमांश होते. आणून सोडलेले साप दिशाहीन आणि लांबलांब भटकत होते. सोडल्यानंतर सापाचे काय होते हे जिथे खरोखर मोजले गेले तिथे असे उत्तर आले. मग जिथे कोणी मोजलेच नाही तिथे ‘सुखरूप’ हा शब्द कशाच्या आधारावर वापरायचा?

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मांडून काढलेल्या फोटोंचे काही विरोधक असा दावा करतात की फ्लॅशने साप कायमचा आंधळा होतो. या दाव्याला भक्कम पुरावा नाही. सापाच्या डोळ्याला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे आच्छादन असते आणि डोळा मिटता येत नाही, म्हणून जवळून पुन्हा पुन्हा मारलेला प्रखर झोत टाळावा एवढे म्हणणे रास्त. पकडण्याविरुद्धचे कारण मुळातच भक्कम आहे, त्याला कच्च्या दाव्याचा टेकू देऊ नये.

‘हाताळल्याशिवाय ओळख पटत नाही’

दुसरा मुद्दा अभ्यासाचा. सापाची जात ठरवण्यासाठी काही खुणा हातात घेऊनच पाहाव्या लागतात हे खरे. शरीराच्या मध्यावरच्या खवल्यांच्या ओळी, पोटाखालच्या व शेपटीखालच्या पट्ट्यांची संख्या, दातांची मांडणी या गोष्टी लांबून मोजता येत नाहीत. पण त्या शेवाळलेल्या दगडावर बसवलेल्या सापाच्या फोटोतही मोजता येत नाहीत. ते काम प्रयोगशाळेतले किंवा संग्रहालयातले, परवाना घेतलेल्या संशोधकाचे. हाताळणीचे कारण म्हणून ज्या खुणा सांगितल्या जातात, त्यांतली एकही त्या फोटोत नसते.

याउलट दक्षिण गुजरातेत जीव घेणारे साप ओळखण्याच्या खुणा वरूनच दिसतात. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते. मण्यारीच्या काळ्या अंगावर बारीक पांढरे, बहुधा जोडीने येणारे पट्टे असतात. ते मानेकडे अस्पष्ट आणि शेपटीकडे ठळक होत जातात. मण्यारीशी नेहमी गल्लत होते त्या बिनविषारी कवड्या सापात हे उलट असते, पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडतात. ही तुलना दाखवायला दोन्ही सापांचे वरून, पूर्ण अंग दिसेल असे फोटो पुरतात. मांडलेल्या फोटोत मात्र डोके ठळक आणि बाकीचे अंग धूसर ठेवण्याची फॅशन आहे. म्हणजे कवड्या की मण्यार हे ज्या खुणेवर ठरायचे तीच खूण झाकलेली.

फोटोने शास्त्राला खरोखर मदत केल्याचे एक उदाहरण सुरतशीही जोडलेले आहे. २०२० च्या टाळेबंदीत हिमाचल प्रदेशच्या चंबा जिल्ह्यात एका तरुण अभ्यासकाने घराजवळ दिसलेल्या कुकरी सापाचा फोटो समाजमाध्यमावर टाकला. तो वेगळा आहे हे एका संशोधकाच्या लक्षात आले आणि २०२१ मध्ये तो ‘ओलिगोडॉन चुराहेन्सिस’ या नावाने नवी जात म्हणून जाहीर झाला. नाव देणाऱ्या तिघांत सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाचे हर्षिल पटेल होते. या घटनेचा दाखला मांडलेल्या फोटोंच्या बाजूने दिला जातो, पण ती बरोबर उलट सांगते. फोटोने फक्त सुगावा दिला. त्यानंतर प्रत्यक्ष नमुने तपासले गेले, खवले मोजले गेले, जनुकीय तुलना झाली. फोटोचे काम कॅमेऱ्याने केले आणि हाताचे काम संशोधकांनी केले.

शास्त्राच्या दृष्टीने सापाच्या फोटोचे मोल तीन गोष्टींत असते: कुठे, केव्हा आणि काय करत असताना. साप पकडून दुसरीकडे नेला की ‘कुठे’ गेले. रात्री सापडलेल्या मण्यारीचा फोटो सकाळच्या उन्हात काढला की ‘केव्हा’ गेले. टोपीखाली वेटोळे घालायला लावले की ‘काय करत असताना’ गेले. उरते ते एका जातीचे चित्र. तशी चित्रे पुस्तकांत पुष्कळ आहेत.

‘फोटोने भीती जाते’

तिसरा मुद्दा सगळ्यांत आकर्षक आहे आणि त्याच्या बाजूला एक मोठे नाव उभे केले जाते. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहून दाखवले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले आणि महाराष्ट्रात सर्पमित्रांची एक पिढी तयार झाली. त्या ७२ तासांनी लोकांची भीती कमी केली, मग हातात नाग धरलेल्या फोटोने का करू नये, असे विचारले जाते.

त्या प्रयोगाचा धडा होता की न छेडलेला साप चावत नाही. माणूस सापांत राहिला आणि साप त्याच्या अंगावरून गेले, कारण त्यांना कोणी डिवचले नाही. मांडलेल्या फोटोतला साप हा व्याख्येनेच छेडलेला साप असतो. फणा म्हणजे नागाचा बचावाचा पवित्रा आहे. बिळातून निघून बांधावरून उंदरामागे जाणारा नाग फणा न काढताच जातो, आणि त्याच्या आयुष्यातला बहुतेक वेळ तसाच जातो. नागाचे फोटो पाहिले तर बहुतेकांत तो फणा काढून उभा दिसतो. पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ते असे, की नाग म्हणजे सतत अंगावर येणारा प्राणी आणि फणा नाही तो नाग नाही. पहिल्या समजुतीमुळे नाग मारला जातो आणि दुसरीमुळे माणूस.

फोटोतल्यासारखा दिसेल तोच साप, ही दुसरी समजूत फडात कशी जीव घेते ते घोणसीवरून कळते. पाचटात बसलेली घोणस ही वाळक्या पानांचा ढीग असते. तिचा तपकिरी रंग आणि साखळीचे ठिपके पाचटाच्या सावल्यांत मिसळून जातात, दिसतो तो वेटोळ्याचा एखादा वितभर तुकडा. पाय जवळ येईपर्यंत ती हलत नाही. कुकरच्या शिटीसारखा फुसकारा टाकते आणि तोही ऐकला नाही तर चावते. ज्याने घोणस फक्त मोकळ्या दगडावर, स्वच्छ पार्श्वभूमीवर, डोके उचललेली पाहिली आहे, त्याची नजर पाचटातल्या घोणसीवरून सहज निसटते. ज्या फोटोत साप शोधावा लागतो तो फोटो छायाचित्रकाराला फसलेला वाटतो, पण कोयत्याला शिकवतो तो तोच.

नावांचाही विचार इथेच करायला हवा. घोणस हे नाव पश्चिम महाराष्ट्रात सर्वांना कळते. विदर्भाकडे तिला परड म्हणतात, गुजरातीत खडचितळो. मण्यार गुजरातीत काळोतरो होते. शिवाय ‘डुरक्या घोणस’ नावाचा एक बिनविषारी साप आहे. नावातले साम्य आणि अंगावरचे डाग यांमुळे त्याची खऱ्या घोणसीशी गल्लत होते आणि ती दोन्ही बाजूंनी घातक ठरते: निरुपद्रवी साप मारला जातो किंवा घोणस डुरक्या समजून उचलली जाते. कडोदऱ्यात मराठी, अहिराणी, गुजराती आणि डांगी बोलणारे मजूर एकाच बांधावर असतात. शास्त्रीय नाव आणि सुंदर चौकट असलेला फोटो त्यांच्यापर्यंत पोहोचला तरी त्यांना काही सांगत नाही.

हातात साप धरलेल्या फोटोचा आणखी एक परिणाम होतो तो अनुकरणाचा. सर्पमित्रांचाच सर्पदंशाने मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांतून आलेल्या आहेत. अनुभवी हाताची ही गत असेल तर फोटो पाहून आकडी विकत घेणाऱ्या पोराची काय होईल? भीती घालवणे आणि धाक घालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सापाची आंधळी भीती जावी, धाक राहावा. हातातल्या सापाचा फोटो धाक आधी घालवतो.

दंश झालेल्या माणसाच्या उपचारासाठी सापाचा फोटो हवा, म्हणून त्याला शोधून धरावे, असेही कधी कधी सांगितले जाते. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्र चालणारे आहे आणि डॉक्टर उपचार ठरवतात ते रोग्याच्या लक्षणांवरून. सापाच्या मागे घालवलेले प्रत्येक मिनिट रुग्णालयाच्या वाटेवरून वजा होते, शिवाय दुसरा दंश होण्याची भीती असते. लांबून सहज मिळाला तर फोटो घ्यावा, नाही तर सापाला सोडून रुग्णालय गाठावे.

‘वाचवलेलाच साप आहे’

चौथा मुद्दा सवयीतून आलेला आहे. साप घरातून पकडला, आता तो पिशवीत आहेच, मग सोडण्याआधी दहा मिनिटे फोटो काढले तर काय झाले? पकडण्याची मुभा कशासाठी मिळते हे पाहिले की याचे उत्तर मिळते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मारण्यापुरती नाही. वन्यप्राण्याला पकडणे, हुसकावणे, आमिष दाखवणे आणि यांतले काहीही करण्याचा प्रयत्न हेही शिकारीतच येते. कलम ९ अशा शिकारीला मनाई करते. माणसाच्या जिवाला धोका असेल तर कलम ११ खाली वनखात्याच्या परवानगीने प्राणी पकडता येतो. घरातला नाग पकडणाऱ्या सर्पमित्राचे काम या धोक्याच्या आधारावर उभे आहे. साप घराबाहेर सुरक्षित जागी पोचला की धोका संपतो आणि धोक्यामुळे मिळालेली मुभाही संपते. त्यानंतर फोटोसाठी ठेवलेला प्रत्येक तास म्हणजे निव्वळ कैद.

फोटोसाठी पकडणे हे वेगळे कारण म्हणून कायद्यात बसवता येईल का? विशेष कारणांसाठी परवाना देण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, शास्त्रीय व्यवस्थापन, प्राणिसंग्रहालये व वस्तुसंग्रहालयांसाठी नमुने, आणि जीवनरक्षक औषधांसाठी सापाचे विष ही ती कारणे. छायाचित्रण त्यांत नाही, आणि कायदा करणाऱ्यांना तो शब्द सुचला नव्हता असेही नाही. अभयारण्यात प्रवेश कशासाठी देता येतो हे सांगणाऱ्या कलम २८ मध्ये छायाचित्रण आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तिथे अटही घातली, की छायाचित्रण आणि चित्रीकरण अधिवासात बदल न करता आणि वन्यजीवांवर किंवा अधिवासावर प्रतिकूल परिणाम न होता व्हावे. म्हणजे कायद्याला फोटोग्राफर ठाऊक आहे. त्याला कॅमेरा घेऊन यायची वाट आहे, आकडी घेऊन यायची नाही.

‘शिक्षण’ या शब्दाची पळवाट काढणाऱ्यांनी बत्तीस शिराळ्याचा इतिहास पाहावा. सांगली जिल्ह्यातल्या या गावात नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याची जुनी प्रथा होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती थांबली आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने ठरावीक संख्येत, ठरावीक दिवसांसाठी, शिक्षणाच्या कारणाखाली लेखी परवानगी दिली. ती परवानगी योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वाद आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा असलेल्या गावालाही मोजूनमापून कागद घ्यावा लागला. मग शनिवारी रात्री घोणस पकडून रविवारी सकाळी ‘शिक्षण’ करणाऱ्याला कागदाशिवाय मोकळीक मिळेल असे मानायला आधार नाही.

दुसऱ्या टोकाचा अतिरेक

या सगळ्यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की रानातल्या सापांचे फोटो काढणेच बंद करावे. हेही चूक आहे. कोयता खाली ठेवून मोबाइल वर काढणारा मजूर म्हणजे एक वाचलेला साप, आणि तो फोटो लांबून काढला असेल तर एक वाचलेला माणूसही. कुठल्या तालुक्यात कोणता साप आहे याच्या नोंदी अशाच फोटोंनी भरत जातात. महामार्गावर चाकाखाली मेलेल्या सापाचा फोटोही तारीख आणि जागा लिहिली तर नोंद ठरतो, आणि त्यासाठी कोणालाच त्रास होत नाही. संरक्षित क्षेत्राबाहेर न पकडलेल्या सापाचा फोटो काढायला कुठलाही परवाना लागत नाही.

जपायचे ते एवढेच की काही सापांची जागा जाहीर करण्यात धोका असतो. मांडूळ हा त्यांतला ठळक. बोथट शेपटीमुळे त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात आणि गुप्तधन, औषध, नशीब अशा भाकड समजुतींपायी त्याची चोरटी विक्री होते. २०१६ ते २०२१ या काळात मांडूळ जप्त झाल्याच्या १७२ घटना एका पाहणीत नोंदल्या गेल्या. त्यांत सर्वाधिक, ५९, महाराष्ट्रातल्या होत्या. मोबाइल बऱ्याचदा फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही साठवतो. मांडुळाचा फोटो जाहीर करताना ते काढून टाकावेत आणि तालुक्याच्या नावावर थांबावे. अचूक जागा संशोधकाला खासगीत कळवता येते.

लांबून काढता येतो

मांडलेल्या फोटोंचे समर्थक शेवटी तांत्रिक अडचण पुढे करतात: जवळ गेल्याशिवाय चौकट भरत नाही. हे गणिताने तपासता येते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तर तीन मीटर अंतरावरून सुमारे ३२ सेंटिमीटर रुंदीचे दृश्य चौकटीत बसते. वेटोळे घातलेल्या मोठ्या घोणसीची रुंदी साधारण एवढीच. म्हणजे तीन मीटरवर उभे राहूनही चौकट काठोकाठ भरते. साप एका झेपेत आपल्या शरीराच्या निम्म्या लांबीइतके अंतर गाठू शकतो असे धरले तरी दीड मीटरच्या घोणसीची पोच पाऊण मीटरच होते. तीन मीटरवर माणूस सुरक्षित असतो आणि बऱ्याचदा सापाची बैठकही मोडत नाही. साधा मोबाइल असेल तर चौकट भरणार नाही. पण भोवतालचे पाचट, बांध, पाट फोटोत येईल, आणि प्रबोधनासाठी हवे आहे तेच.

बाकी नियम थोडे आणि सोपे आहेत. सापाला हात, काठी, आकडी लावू नये. लपलेल्या सापाला बाहेर काढण्यासाठी दगड उलटू नये, पाचट उपसू नये. त्याची पळायची वाट अडवू नये. अंडी किंवा पिले असतील तर लगेच मागे यावे. साप हलू लागला, फुसकारला किंवा त्याने फणा काढला तर फोटो झाला असे समजून निघावे, कारण त्यापुढचा प्रत्येक फोटो हा आपल्यामुळे घडलेल्या वर्तनाचा असतो.

फोटोखालच्या ओळीची जबाबदारीही यात येते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचा फोटो विजेता ठरला. लांडगा पाळीव असावा असा परीक्षकांचा निष्कर्ष निघाल्यावर तो फोटो २०१० मध्ये बाद करण्यात आला. २०१८ मध्ये आणखी एक बक्षीस मागे घेतले गेले, कारण मुंगीखाऊ प्राणी भुसा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला. दोन्ही फोटो देखणे होते आणि दोन्हींवर आक्षेप एकच होता: मथळा रानाचा, प्राणी रानातला नाही. रात्रभर बरणीत ठेवून दगडावर बसवलेल्या घोणसीखाली ‘नैसर्गिक अधिवासात’ लिहिणे याच जातीचे आहे. परवाना घेऊन, संशोधनासाठी पकडलेल्या सापाचा फोटो जरूर छापावा, पण खाली ‘पकडलेला’ असे लिहावे. आणि जो साप खरोखर रानात टिपला त्याखाली एवढे पुरते: घोणस, परड, खडचितळो. उसाच्या पाचटात, कडोदऱ्याजवळ, पलसाणा तालुका. महिना आणि वेळ. तीन मीटरवरून, हात न लावता.